चित्र सतरा ते चोवीस

"दगड आहे हो तो," प्रयोगशाळेतला मदतनीस पुटपुटला. कोणी ऐकलं नाही, आणि ते त्याला बरंच वाटलं.

खिडक्या झाकलेल्या खोलीत दहा परीक्षक बसले होते. अंधारात टिपलेलं साध्या कॅमेऱ्याचं चित्र आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र एकमेकांत मिसळायच्या पाच पद्धतींची आज परीक्षा होती. प्रत्येक चित्र दोन सेकंद दिसायचं. माणूस दिसला तर हिरवं बटण, नाहीतर लाल. जिंकेल ती पद्धत शोधपथकांच्या दुर्बिणीत जाणार होती.

चित्रांतला माणूस म्हणजे हाच मदतनीस. सहा वर्षांपूर्वी तो माळावर रात्रच्या रात्र उभा राहिला, तेव्हापासून सगळे त्याला खांब म्हणत. शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. साहेब भाषणात काय बोलणार हे त्याला तोंडपाठ होतं: 'थंडीवाऱ्यात हा माणूस जागचा हलला नाही.' दुसरं सांगण्यासारखं बिचाऱ्याच्या नोकरीत काही घडलंच नव्हतं.

दुपारी निकाल लागला. तरुण संशोधक ताईची पद्धत सगळ्यांत खाली होती. चार वर्षांची मेहनत हातात धरून ती नुसती बसून राहिली.

"सगळे गुण सतरा ते चोवीसमध्ये गेले, काका," ती म्हणाली. "चित्रांच्या यादीत लिहिलंय, माणूस दगडाशेजारी. बाकीच्यांच्या चित्रांत तिथे पांढरा ठिपका दिसतो, लोक हिरवं बटण दाबतात. माझ्या चित्रात दगडाच्या भेगासुद्धा दिसतात, पण तुम्ही गायब."

"मग आता?"

"आता काय. संध्याकाळी साहेबांची सही झाली की माझी पद्धत बाद."

खांबाने कप धुतले. धुतलेलेच पुन्हा धुतले. ती आठ चित्रं टिपली त्या रात्री हाडं गोठवणारी थंडी होती. कॅमेरेवाले लांब तंबूत होते. हा हळूच गाडीत जाऊन बसला आणि पहाटेपर्यंत मेल्यासारखा झोपला. दिवसभर उन्हात तापलेला दगड तेवढा जागेवर होता. त्याचीच ऊब कॅमेऱ्यात दिसली आणि सगळे खूश झाले. सकाळी यादीवर याने मुकाट्याने सही केली. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

हात पुसून तो ताईसमोर उभा राहिला. "तुमचं चित्र खरं बोलतंय, ताई. मी नव्हतोच तिथे."

ती खुर्चीतून उठली. "काका, हे साहेबांना सांगावं लागेल. आणि शुक्रवारी तर तुमचा..."

"माहीत आहे. चला."

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "आठही चित्रांत नव्हतास?"

"आठही, साहेब. गाडीत झोपलो होतो."

त्याचे कान शरमेने तापले होते.  साहेबांनी यादी आणि पेन पुढे सरकवलं. खांबाने टेबलावरची पट्टी घेतली आणि एकेका ओळीतला 'माणूस' हा शब्द नीट सरळ रेघ मारून खोडायला लागला.

"शुक्रवारी मी काय बोलू आता?" साहेबांनी विचारलं.

"काही बोलू नका, साहेब. चहा पाजा."

आठवी ओळ खोडून त्याने खाली सही केली, तारीख घातली आणि टोपण लावून पेन परत दिलं.