हात गेला की नेला

या स्टेशनावर आता कोणी नसतं. खाणीतला दगड न्यायला ते बांधलं तेव्हा अकरा माणसं कामाला होती. दगड संपला, खाणीने गाशा गुंडाळला, आणि अकराची सात, साताची तीन होत शेवटी एक माणूस उरला. तोही निवृत्त झाल्यावर तिकिटाची खिडकी विटांनी बुजवून टाकली. तेव्हापासून फलाटावरून कोणी हात केला तरच चढणाऱ्यांसाठी गाडी थांबते. गाडीही दिवसाला एकच, सकाळी अकरा वीसची.

तो शेवटचा माणूस म्हणजे बावटेवाले. नोकरी सुटली, बावटा काही सुटला नाही. स्टेशनामागच्या दोन खोल्यांत राहून नऊ वर्षं ते रोज इस्त्रीचा सदरा घालून गाडीला हिरवा बावटा दाखवत होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी हटकलंही नाही. हिरवा दिसला की ड्रायव्हर समजायचा, म्हातारा ठणठणीत आहे आणि चढणारं कोणी नाही. शिट्टी देऊन तो तसाच पुढे जायचा.

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस बावटा दिसला नाही, तेव्हा ड्रायव्हरनेच पुढच्या स्टेशनावर कळवलं. बावटेवाले मोरीत पडलेले सापडले. शहरात शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी नेसत्या कपड्यांनिशी धावत आली. होती नव्हती ती सगळी रजा तिने घेतली आणि एकच धोशा लावला, बाबा, माझ्याकडे चला. बाबांचा नन्नाचा पाढा चालूच. कसेबसे ते हो म्हणाले, तोवर रजा संपत आली होती.

निघायच्या दिवशी दोघं फलाटावर उभी राहिली. हात करायचं काम अर्थातच बाबांचं. वळणावर इंजिन दिसलं तशी ती ट्रंकेची कडी धरायला वाकली. वर पाहते तो बाबांच्या हातात हिरवा बावटा. शिट्टी झाली आणि गाडी दोघांच्या अंगावर धूळ उडवून निघून गेली.

तिला रडू आलं नाही, संताप आला. ट्रंकेवर बसकण मारत तिने विचारलं, "बाबा, बावट्याकडे हात आपसूक गेला की नेलात?"

बावटेवाले बावट्याची गुंडाळी करत राहिले.

दोघं घरी परतली. मुख्याध्यापकांची बोलणी तिने फोनवर ऐकून घेतली. संध्याकाळी तिने सांगून टाकलं की उद्या ती जाणार, बाबा आले तर त्यांच्यासह, नाहीतर एकटी. बोलून गेली खरी, पण त्यांना टाकून जायची तिची छाती नव्हती.

"तुझ्या आईला शहरात दवाखान्यात नेलं ना," बावटेवाले म्हणाले, "त्या गाडीला बावटा मीच दाखवला."

तिला माहीत होतं. ती तेव्हा सात वर्षांची, आईच्या उशाशी डब्यात बसलेली. आई परत आली नाही.

"बदली माणूस आला नव्हता," ती म्हणाली. आजवर घरात सगळे हेच म्हणत आले होते.

"आला होता. तासभर आधीच. म्हणाला, जा तू, मी बघतो. मला वाटलं, चार दिवसांत बरी होऊन येईल. आणि माझ्याशिवाय गाडी नीट निघायची नाही, ही घमेंड. आज हात गेला नाही, पोरी. नेला. आज चढलो असतो, म्हणजे तेव्हाही चढता आलं असतं, हे कबूल करावं लागलं असतं."

तिला त्यांचा राग आला, कीवही आली. आई वळण येईपर्यंत खिडकीतून बाबांकडेच बघत होती, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही. ताटं वाढून घेतली आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिने हात केला. गाडी थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, कोण निघालंय?

"मी," बावटेवाले म्हणाले.

गुंडाळलेला बावटा त्यांनी बाकावर ठेवला आणि तिचा हात धरून ते डब्यात चढले. तिने त्यांना खिडकीशी बसवलं. बाहेर फलाटावर बावटा दाखवायला कोणीच नव्हतं. गाडी नीट निघाली.