पलंगाखालची फळी

मी जमिनीवर बसवायची विनाइलची फळी बोलतेय. दिसायला सागवान, आतून प्लास्टिक. सोंग म्हणा हवं तर, पण मनात कपट नाही.

आजारपणानंतर काकूंचा डावा पाय ओढला जायचा. जुन्या फरशीच्या वरखाली झालेल्या कडांना त्या अडखळायच्या, म्हणून काकांनी आम्हाला आणलं. बसवणारा कारागीर भारी शिस्तीचा. आधी त्याने आमचे खोके खोलीतच पडू दिले. यांना इथल्या हवेची सवय होऊ दे, म्हणाला. काकांची घाई चालली होती, पण तो बधला नाही. मग जमीन सपाट करून, भिंतीकडेने बारीक फट सोडून, एकीची कड दुसरीच्या खाचेत तिरकी घालून त्याने आम्हाला एकमेकींत अडकवलं.

जाताना म्हणाला, "काका, हिला कुठे स्क्रू मारू नका. उन्हाळ्यात फुगते, तेव्हा सरकायला जागा लागते."

"मी कशाला मारतोय?" काका म्हणाले.

काकू खूश होत्या. पण आम्ही पडलो गुळगुळीत. उठताना त्या पलंगाचा आधार घ्यायच्या आणि पलंगच सरकायचा. "हा बघा, निघाला मला सोडून," म्हणत त्या हसायच्या. काकांना काही हसू येईना. एका दुपारी त्यांनी पलंगाचे पाय स्क्रूने जमिनीला जखडले. दोन स्क्रू माझ्यातून आरपार गेले. लागलं, पण काकू एकट्या उठून उभ्या राहिल्या, तेव्हा काकांचा चेहरा बघून मी दुखणं विसरले.

उन्हाळा आला. सगळ्या फुगल्या, सरकल्या; मला हलता येईना. शेजारणीशी असलेला सांधा सुटला आणि माझी कड वर आली. काकूंचा तोच पाय तिला अडला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

पुढे काकांनी कारागिराला बोलावलं. त्याने पलंग सोडवला, माझी भोकं पाहिली. काका दारातच उभे होते.

"स्क्रूमुळे झालं का रे?"

त्याने माझ्या भोकांवरून हात फिरवला.

"छे हो. माल खराब निघाला. एखादी फळी निघते अशी. तुम्ही काय करणार?"

काका तिथेच खाली बसले आणि रडले.

मी चांगली होते हो. आता मागच्या दारी भंगारवाल्याची वाट बघत उभी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला काका मला दाखवतात, "हीच ती, खराब निघालेली." फार वाईट वाटतं. तरी वाटू दे. तुम्ही या कामातले जाणकार असाल आणि माझी भोकं तुमच्या नजरेस पडली, तर एवढंच करा, काकांसमोर काही बोलू नका.