कागदावरची नणंद

वीबकेला नणंद व्हायचं नव्हतं. पण पोलीस शोधत होते ते हॅम्बुर्गचं जोडपं, तेव्हा आधी जोडपं मोडायला हवं, असं त्यांच्या भूमिगत संघटनेत ठरलं. त्यामुळे नेकार नदीकाठच्या त्या गावात हेनिंग आणि रोझविथा राहायला आले ते श्री. आणि सौ. लिंडेमान म्हणून. रोझविथा संघटनेतलीच, पण त्याच मुलखातली, चार टेकड्यांपलीकडची. पाववालीशी, घरमालकाशी तिथल्या बोलीत गोड बोलणारी. आणि सहा वर्षं हेनिंगबरोबर संसार केलेली वीबके झाली त्याची बिनलग्नाची बहीण. तब्येतीने नाजूक, कमी बोलणारी.

"अगं, नुसता कागद आहे तो," हेनिंग म्हणाला होता.

"मग त्या कागदावर मी का नाही?"

"शस्त्रांचं गोदाम पेटवलंस तेव्हा कचरली नाहीस, आणि आता लग्नाच्या दाखल्यासाठी रुसतेस?"

तिघंही हसली. वीबके जरा कमी हसली. पंचाईत अशी की, मत्सर ही खाजगी मालमत्तेचीच एक खोड आहे, असं पत्रक दोन वर्षांपूर्वी तिनंच लिहून वाटलं होतं. आता कुठल्या तोंडाने कुरकुरणार?

पहिल्याच आठवड्यात दाराच्या मुठीवर एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. वर ठळक अक्षरं: 'आता तुमचा नंबर!' हेनिंगचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीतरी ओळखलं, पोलिसांनी घर हेरलं, असं समजून त्याने आणि वीबकेने संघटनेची कागदपत्रं मोरीत जाळली, पिशव्या भरल्या आणि मागच्या खिडकीपाशी दोन तास दबा धरून बसले. रोझविथा भाजी घेऊन आली आणि पाटी बघून जी हसत सुटली ती थांबेचना.

"अरे येड्यांनो, जिना झाडायचा नंबर आहे हा! इथं घराघराला आठवडा वाटून दिलेला असतो. शनिवारी दुपारच्या आत जिना लख्ख झाला पाहिजे, नाहीतर सगळी आळी नावं ठेवते."

हेनिंगही हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि हसता हसता रोझविथाच्या खांद्यावर रेलला. वीबके भरलेली पिशवी रिकामी करत राहिली. तिला त्या खांद्याचा राग आला, सरळ सरळ राग आला.

तेव्हापासून नंबर आला की रोझविथा झाडायची आणि हेनिंग सुपली धरायचा. इथले नवरे धरतात का सुपली? वीबकेने विचारलंही.

"शेजाऱ्यांना दिसायला नको?" हेनिंग म्हणाला. "जोडपं वाटायला पाहिजे ना आम्ही."

'आम्ही' हा शब्द तिला दिवसभर टोचला. रात्री तो तिच्याच खोलीत झोपायचा, पण भिंतीकडे तोंड करून. ती स्वयंपाकघरात शिरली की दोघांचं बोलणं एकदम संपायचं. एकदा पोस्टात गेली तर भिंतीवर पोलिसांचा कागद होता, त्यावर तिचा आणि हेनिंगचा फोटो शेजारी शेजारी. दाढीने आणि रंगवलेल्या केसांनी दोघं आता ओळखू येत नव्हती. घाबरून बाहेर पडायचं सोडून ती दोन मिनिटं तिथंच उभी राहिली. जगात एवढीच एक जागा उरली होती जिथं ती दोघं जोडपं होती.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी ती घरात एकटी असताना बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या फ्लायडररबाई दारात उभ्या होत्या, एप्रन बांधून. बिनलग्नाची म्हणून वीबकेला त्या फ्रॉयलाइन म्हणत.

"तळघराच्या पायऱ्या राहिल्यात हो, फ्रॉयलाइन. वहिनी कुठंयत तुमच्या?"

"बाजारात गेलेत."

"दोघंही? बटाटे आणायला दोघं लागतात होय!" बाई खुशीत आल्या. "पण काही म्हणा, तुमच्या भावानं नशीब काढलं. अशी बायको..."

"ती त्याची बायको नाहीये."

बोलून गेली.

बाईंचं हसू मावळलं. "म्हणजे? लग्न नाही झालेलं? या घरात लहान पोरं राहतात, फ्रॉयलाइन. घरमालकांच्या कानावर घालायलाच पाहिजे. ते आज चौकीवर जाऊन नोंद बघून येतील."

नोंद बघितली की बनावट कागद उघडे पडणार. तिघांचे उभे जन्म तुरुंगात जाणार.

"थांबा," वीबके म्हणाली. "खोटं बोलले मी."

"असलं खोटं?"

"मला ती सहन होत नाही." पुढचं काही तिला रचावं लागलं नाही. "आधी आम्ही दोघंच होतो. सहा वर्षं. काही झालं की तो मला सांगायचा. आता तिला सांगतो. तिच्या विनोदांना हसतो, मी बोलले की घड्याळ बघतो. तिचा आवाजसुद्धा ऐकवत नाही मला. वाटतं, जावं तिनं, मरावं, काहीही व्हावं तिचं."

आणि मग ती रडली. हॅम्बुर्ग सोडताना नाही, फोटो बघून नाही, ती एका परक्या बाईच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

फ्लायडररबाई तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "नणंदा सगळ्या एकाच माळेचे मणी! माझीही अशीच होती, सात वर्षं बोलली नाही माझ्याशी. पुसा डोळे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही म्हणालात म्हणून सांगते. मलाही आधी शंका होती हो. अंगठ्या काय, कुणीही घालतं. पण मागे त्यांचा नंबर होता ना, तेव्हा मी वरच्या वळणावर उभी होते. त्यांना पत्ताच नाही. तिच्या केसांत जळमट अडकलं होतं, ते यानं काढलं, आणि हात तसाच ठेवला तिथं. कितीतरी वेळ. तिनं झाडणं थांबवलं, डोळे मिटले. लोकांसमोर काय, कुणीही हातात हात घेतं. पण तिथं बघायला कोण होतं?"

वीबकेने मनगटाने डोळे पुसले.

"तेव्हा एकदा नीट सांगा मला. घरमालकांनी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. आहेत ना ती नवराबायको?"

"हो," वीबके म्हणाली. "नवराबायकोच आहेत ती."