बेडूक, गाठी आणि ललिताबाई

नागपूरच्या ललिताबाई रामटेके यांची मुलगी अस्मिता पुण्यात गाठींवर संशोधन करत होती आणि त्यापायी ललिताबाईंना कॉलनीत फार त्रास झाला होता. कोणी काखेतली गाठ दाखवायला यायचं, कोणी मानेवरची. अस्मिताची गाठ दोरीची आहे, ती गणित शिकते, हे सांगून सांगून त्या थकल्या. दोरीच्या गाठीत गणित कुठून आलं, हे मात्र त्यांनाही कधी कळलं नव्हतं.

अखेर प्रबंध पुरा झाला आणि ओपन व्हायव्हाचा दिवस ठरला. परीक्षकांपुढे अस्मिता आपलं काम मांडणार, ते प्रश्न विचारणार आणि वाटेल त्याने येऊन ऐकायचं. ‘वाटेल त्याने’ हे कानावर पडताच ललिताबाईंनी नवऱ्याला, सुखदेवरावांना, रेल्वेची तिकिटं काढायला बसवलं.

व्हायव्हाच्या सकाळी सुखदेवराव टाय बांधून लेकीबरोबर पुढे गेले. वीज मंडळातून निवृत्त होतानासुद्धा त्यांनी टाय बांधला नव्हता. ललिताबाई मात्र हारासाठी मार्केट यार्डाकडे वळल्या. डॉक्टर होणाऱ्या पोरीच्या गळ्यात कोमेजलेली फुलं घालायची नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. फुलबाजारात झेंडू, निशिगंध, गुलाब बघता बघता त्यांचं भान हरपलं. विद्यापीठाच्या फाटकापाशी रिक्षातून त्या उतरल्या तेव्हा आधी हार उतरला, मग त्या.

फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी विचारलं, “भाऊ, तो गाठींचा व्हायव्हा कुठे होऊन राहिला?”

वॉचमनने हाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “गाठी म्हणजे अंगातल्याच ना? प्राणिशास्त्र. सरळ जाऊन डावीकडे. आणि परीक्षा व्हायचीये अजून, हार लगेच घालू नका.”

प्राणिशास्त्राच्या सभागृहात अंधार होता. पडद्यावर एक भलामोठा बेडूक होता आणि त्याच्या गळ्याला लिंबाएवढा फुगा आला होता. ललिताबाईंच्या जिवात जीव आला. गाठ तर दिसली. मुलगी बेडकांपर्यंत पोचली हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण गणिताचं काही सांगता येत नाही. फोन बंद ठेवायची अस्मिताची ताकीद होती. त्यांनी तो बंद केला आणि पहिल्या रांगेत हार मांडीवर घेऊन बसल्या.

उभा राहिला तो मात्र एक सडपातळ, घामाघूम झालेला मुलगा. महिपती कोंढाळकर त्याचं नाव. खडकवासला धरणाच्या काठचे बेडूक रविवारी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांच्या गोंगाटात एकमेकांना हाका कशा मारतात, हा त्याचा विषय. ललिताबाईंना चूक उमगली. पण सभागृहात त्या धरून जेमतेम सातआठ माणसं होती. पहिल्या रांगेतून हार घेऊन उठायचं म्हणजे पोराचं अवसान गेलं असतं. त्याचं होईपर्यंत थांबू, मग अस्मिताला शोधू, असं त्यांनी ठरवलं.

पोराचं अवसान तसंही गेलेलंच होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. शर्मिला यांनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला, त्यावर महिपती पाणी प्यायला. दुसरा विचारला, त्यावर तो उरलेलं पाणी प्यायला. मग बाईंनी सुस्कारा सोडून श्रोत्यांकडे पाहिलं आणि कोणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटलं.

ललिताबाईंचा हात वर गेला. तो कधी गेला हे त्यांनाही कळलं नाही.

“मी काय म्हणते, बेटा,” त्या म्हणाल्या, “गाड्यांमुळे त्यानं आवाज बदलला. मग बेडकिणीला कसं समजते की हा आपल्यातलाच हाय, दुसरा कोणी नाही?”

महिपतीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. घरच्या मावशीशी बोलावं तसा तो मराठीत बोलू लागला. आवाज चढतो, पण ताल तोच राहतो, आणि ती ताल ओळखते. “शांत रात्री तो असा ओरडतो,” असं म्हणून त्याने गाल फुगवले आणि सभागृहात खरोखरीचा बेडूक ओरडला. “आणि रविवारी असा.” दुसरा बेडूक, वरच्या पट्टीतला.

डॉ. शर्मिला खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांच्या भागातल्या बेडकाचा ताल वेगळा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. कसा, ते सांगण्यासाठी त्यांनी चष्मा काढला आणि तो ताल स्वतः ओरडून ऐकवला. महिपतीने त्याला उत्तर दिलं. मागच्या रांगेतल्या त्याच्या मित्रांनी साथ धरली. महिपतीच्या मार्गदर्शकांनी आधी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांनीही घसा खाकरून एक आवाज काढून पाहिला. तो कुठल्याच बेडकासारखा नव्हता. सगळे हसत सुटले. त्या हसण्यातच बाईंनी उरलेले प्रश्न विचारले, महिपतीने धडाधड उत्तरं दिली आणि तो डॉक्टर झाला.

टाळ्या थांबल्यावर तो तसाच उभा राहिला. घरून कोणी आलं नाही का, असं ललिताबाईंनी विचारलं. वडील म्हणाले होते, “बेडकांचं ऐकाया पुण्याला कशाला? घरामागं हायेत की.” हे सांगताना तो हसला, पण अर्धवटच. ललिताबाईंनी पुढचा विचार केला नाही. मार्केट यार्डातला तो अख्खा हार त्यांनी त्याच्या गळ्यात घातला. महिपती नाकापर्यंत झेंडूत बुडाला.

मग त्यांना अस्मिता आठवली आणि त्या ओरडल्याच. “माझ्या पोरीचा व्हायव्हा! गणितात!”

पुढे जे झालं ते विद्यापीठातल्या झाडांनी क्वचितच पाहिलं असेल. वाट दाखवायला हार घातलेला महिपती पळत होता, त्याच्यामागे ललिताबाई, त्यांच्यामागे चपला हातात घेतलेल्या डॉ. शर्मिला, आणि मागे सगळे बेडूकवाले.

गणिताच्या सभागृहात सामसूम होती. अस्मिताचं मांडून झालं होतं. परीक्षकांचे प्रश्नही संपले होते. सुखदेवराव टाय सैल करून दाराकडे डोळे लावून बसले होते. एवढी माणसं धापा टाकत आत शिरली तशी अस्मिता आईकडे बघत राहिली. रागवावं की रडावं, ते तिला ठरवता येईना.

“चुकलं माझं,” ललिताबाई म्हणाल्या. “पण आता एकदा मला समजेल असं सांग. सहा वर्षं तू काय केलं?”

अस्मिताने परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिने गळ्यातली ओढणी काढली, तिच्यात एक वेटोळं घातलं आणि बाबांना पुढे बोलावून दोन टोकं त्यांच्या दोन मुठींत दिली. टोकं सोडायची नाहीत, बाकी काहीही करून गाठ सोडवायची, असं तिने आईला सांगितलं. ललिताबाईंनी ओढलं, सैल केलं, सुखदेवरावांना त्यातून डोकं काढायला लावलं, मग एक पाय. सुखदेवराव एका पायावर लंगडत फिरले आणि ओढणी सरळ झाली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अस्मिताने दुसरी गाठ घातली, दिसायला अगदी तशीच. या वेळी डॉ. शर्मिला आणि महिपतीही मदतीला धावले. सुखदेवरावांचा टाय ओढणीत अडकला, महिपतीचा हार टायमध्ये अडकला, झेंडूच्या पाकळ्या परीक्षकांच्या टेबलावर उडाल्या, पण गाठ हलेना.

“ती सुटणारच नाही, आई,” अस्मिता म्हणाली. आता ती हसत होती. “कितीही जणांनी कितीही ओढलं तरी. दिसायला दोन्ही सारख्या. कुठली सुटेल आणि कुठली कधीच नाही, हे हात न लावता कसं ओळखायचं, तेवढंच शोधलं मी.”

ललिताबाईंनी ओढणी सोडली. काहीतरी कायमचं सुटणार नाही, हे कोणी छातीठोक सांगू शकतं, आणि ते सांगणारी आपली पोरगी आहे, याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी तिच्या पाठीवर एक थाप मारली. परीक्षकांनी अस्मिताला डॉक्टर म्हटलं तेव्हा सुखदेवराव अजून अडकलेलेच होते. तिथूनच त्यांनी “जय भीम” असं म्हटलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसेच राहिले.

बाहेर पायऱ्यांवर सगळे चहा पीत उभे होते. सगळ्यांत मोठा आवाज ललिताबाईंचा होता. तेवढ्यात एक मुलगी संकोचत त्यांच्याजवळ आली. सृष्टी, भाषाशास्त्राची. विदर्भातून येणाऱ्या माणसांचं बोलणं पुण्यात कसं टिकतं, यावर तिचा प्रबंध चालला होता. मघापासून ती मागे उभी राहून ऐकत होती. थोडं रेकॉर्ड करून घेतलं तर चालेल का, असं तिने विचारलं.

“माझं बोलणं?” ललिताबाईंनी विचारलं. “त्याच्यावर पण संशोधन होते?”

“हो, काकू. तुम्ही काहीही बोला. कितीही वेळ.”

कितीही वेळ बोला, असं ललिताबाईंना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. सुखदेवरावांनी घाईघाईने सृष्टीला सावध करायला तोंड उघडलं, पण अस्मिताने त्यांचा हात दाबला. ललिताबाई पायरीवर ऐसपैस बसल्या, पदर सारखा केला आणि बोलायला लागल्या.