तीन टिंबांच्या जागी

मित्रांनो, टिनाच्या पेटीतून बाहेर डोकावणारा मी एक जुना ठसा आहे. कचेरीत कागदावर आपटतात तो ठसा नव्हे. दगडावर कोरलेल्या लेखावर ओला कागद चिकटवतात, कुंचल्याने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात आणि वरून काजळाच्या शाईची पुरचुंडी फिरवतात. खाचांत शाई पोचत नाही. त्यामुळे कागद काळा होतो आणि अक्षरे पांढरी उठून दिसतात. तसा मी काळा, अक्षरे पांढरी आणि स्वभाव चिडका. चिडकेपणा मात्र जन्मजात नाही, तो मला एका विद्वान त्रैमासिकाने दिला.

नवेगाव बांधच्या अलीकडे एका गावात माझा जन्म झाला. पहिले मोठे युद्ध संपून काही वर्षे झाली होती. गावाला जुना तलाव होता आणि त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जिथून धानाला पाणी सोडतात तिथे, कोरीव अक्षरांचा एक दगड रोवलेला होता. गुराखी त्यावर विळे घासत. पाळीची राखण यादोराव कोहळी करत. आमच्याकडे कोहळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी माणसे. हा तलाव आपल्याच घरातल्या एका बाईने बांधला, असे त्यांच्या घरी सांगत आले होते. पण गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, ईश्वरदास पाळीवर संगमरवराची पाटी बसवणार होते, आणि तीवर तलाव बांधणारा म्हणून त्यांच्या आजोबांचे नाव येणार होते.

एके दिवशी यादोराव शाळेत गेले आणि केशोराव मास्तरांना म्हणाले, "मास्तरजी, त्या गोट्यात का लिवलं हाय, थे एकडाव पाहून द्या ना. आमच्या तोंडचं कोनी मानत नाही. लिवलेलं तं मानतील."

केशोरावांना जुन्या लिपीचा नाद होता. त्यांनी दगड घासूनपुसून स्वच्छ केला आणि माझा जन्म झाला. आंब्याच्या सावलीत मी वाळत असताना त्यांनी माझ्यावरचे एकेक अक्षर लावले. 'कोहळियाची सून रुख्मा इने हे तळे बांधिले.' रुख्माची अक्षरे अगदी स्पष्ट होती, मित्रांनो. ती माझ्या अंगावर होती, तेव्हा मला विचारा.

यादोरावांच्या पत्नी अनुसयाबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि दगडाला हात जोडले. केशोराव म्हणाले, "आता हे त्रैमासिकात छापून आणतो. मोठमोठे विद्वान वाचतात ते. एकदा तिथे छापले की मालगुजारांनाही पाटी बदलावी लागेल."

इथवर सगळे छान होते. मग मास्तरांनी मला लिफाफ्यात घालण्यासाठी घडी घातली, धोतराची घालतात तशी. उभी एक, आडवी एक. आडवी घडी नेमकी रुख्माच्या नावावरून गेली. मला बांबूच्या नळीत गुंडाळून पाठवायला हवे होते. पण हे खेड्यातल्या मास्तरांना सांगणार कोण? मी तर कागद.

गोंदियाच्या टपालगाडीतून मी दूरच्या शहरी गेलो. माझ्यासोबत मास्तरांचा लेख होता. कागद वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिला होता. संपादकांनी तो न वाचताच परत पाठवला. लेख एकाच बाजूला लिहावा, असा त्यांचा नियम होता. मास्तरांनी पुन्हा लिहिला. मग समास अरुंद म्हणून परत आला. मास्तरांनी पुन्हा लिहिला. मग दुसरी प्रत जोडली नाही म्हणून पत्र आले. पहिले उत्तर आले तेव्हा गावात धानाची रोवणी चालली होती, शेवटचे आले तेव्हा पुढच्या साली धान खळ्यावर पडले होते. हे सगळे नियम त्या भल्या गृहस्थांनी एकाच पत्रात का लिहिले नाहीत, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

त्यानंतर लेख तज्ज्ञांकडे गेला. कोणताही लेख छापण्याआधी जाणकाराला दाखवावा, ही रीत चांगलीच आहे. नाहीतर कोणीही उठेल आणि काहीही छापेल. पण आमचे तज्ज्ञ दौऱ्यावर होते. मग आजारी होते. मग त्यांच्या मुलीचे लग्न होते. मी त्यांच्या कपाटात पडून राहिलो आणि माझी घडी कागदात खोल उतरत गेली. नावावरची शाई तडकली, तिचे कपचे उडाले. अखेर त्यांनी मला उलगडले, भिंग धरले आणि लिहिले, 'नावाची अक्षरे घडीत नष्ट. शिवाय एवढे तळे एका स्त्रीने बांधविले असणे संभवत नाही. ताजा ठसा मागवावा.'

घडी तडकेपर्यंत वाट त्यांनीच पाहिली आणि नष्ट झाल्याचा ठपका माझ्यावर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच.

मला पत्रासह परत पाठवले गेले. केशोराव मला काखेत मारून, कोरा कागद आणि कुंचला घेऊन तलावाकडे निघाले. पाळीवर पोचले आणि जागीच थांबले. दगड पार लाल झाला होता. वरपासून खालपर्यंत तेलात कालवलेला शेंदूर थापला होता, बोटभर जाड. एकही अक्षर दिसत नव्हते. पुढे नारळाची करवंटी आणि झेंडूची फुले होती.

"अनुसयाबाई, हे काय केलंत?" केशोरावांचा आवाज चढला.

"काऊन, का झालं?" त्या म्हणाल्या. "रुख्मामायचं नाव मोठ्या बुकात जाऊन राहिलं म्हनता, अन् तिले उघडीच ठेवाची का? गावच्या साऱ्या बायांनी मिळून शेंदूर लावला. दर अवसेले लावतो."

"अहो, अक्षरं बुजली. मला नवा ठसा घ्यायचा आहे. खरवडू द्या थोडं."

अनुसयाबाई दगडाच्या आड उभ्या राहिल्या. "देवाचं आंग खरवडता का मास्तर? हात लावून पाहा बरं."

केशोरावांनी हात लावला नाही. ते नास्तिक नव्हते आणि त्या गावात त्यांना राहायचेही होते. शेंदूर एकदा चढला की तो माणसाने काढायचा नसतो, हे त्यांनाही ठाऊक होते. यादोराव तेवढे हळूच म्हणाले, "तिनं मायेनं केलं, मास्तरजी. रागवू नका." खरे सांगतो, मित्रांनो, राग मलाही आला. पण कोणाचा करावा, ते समजेना.

मास्तरांनी मलाच पुन्हा पाठवले आणि सोबत सगळी हकिकत लिहिली. लेखाची काटछाट झाली आणि वर्षभराने प्रुफे आली. नावाच्या जागी तीन टिंबे होती. मास्तरांनी प्रुफाच्या समासात सुवाच्य अक्षरांत 'रुख्मा' लिहिले. उत्तर आले की प्रुफात फक्त छपाईच्या चुका सुधारता येतात, नवा मजकूर घालता येत नाही.

अखेर अंक निघाला आणि मीही 'साभार परत' आलो. अंक घेऊन केशोराव यादोरावांकडे गेले. ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. "कोहळियाची सून..." आणि ते थांबले.

"पुढं?" यादोरावांनी विचारले.

"इथे टिंबं आहेत. तीन."

यादोराव मान वळवून अंकाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "टिंबानं बांधला का तलाव, मास्तरजी?"

मास्तरांनी अंक मिटला. त्या उन्हाळ्यात यादोराव गेले. पावसाळ्याआधी मालगुजारांची संगमरवरी पाटी पाळीवर बसली. 'कोहळियाची सून' म्हणजे कोण, हेच छापले नव्हते; नुसती टिंबे दाखवून पाटीला कोण अडवणार?

त्यानंतर मी पेटीत पडून राहिलो. दुसरे महायुद्ध सुरू झाले. एका वैशाखात ऊन असे तापले की दगडावरचे शेंदराचे जाड कवच तडकले आणि आपसूक गळून पडले. देवाने कवच सोडले की ते पाण्यात सोडतात आणि लगेच नवा शेंदूर चढवतात, ही आमच्याकडची रीत. गावातल्या बाया शेंदूर कालवून तयार होत्या. पण अनुसयाबाई त्यांच्यापुढे आडव्या झाल्या आणि त्यांनी मास्तरांना बोलावणे धाडले. मास्तर म्हातारे झाले होते. काठी टेकत, धापा टाकत आले.

"घ्या, मास्तर," अनुसयाबाई म्हणाल्या. "आधी तुमचं होऊ द्या. मंग शेंदूर. तिनं सोताच लुगडं सोडलं तं माह्या हाताले पाप नाही."

शेंदराखाली ना ऊन पोचले होते, ना पाऊस, ना विळे. अक्षरे काल कोरल्यासारखी होती. मास्तरांनी ओला कागद ठोकून बसवला आणि ठसा सुरेख उतरला. रुख्माच्या नावाची रेघ न रेघ दिसत होती. तो माझा धाकटा भाऊ. त्याला मास्तरांनी बांबूच्या नळीत गुंडाळून पाठवले. मला हेवा वाटला, हे लपवत नाही.

संपादकांचे उत्तर आले. एकदा प्रसिद्ध झालेला लेख पुन्हा छापता येत नाही, असा नियम आहे. मात्र जागा राहिल्यास शुद्धिपत्रात एक ओळ घेण्याचा विचार होईल. मग युद्धामुळे कागद मिळेना आणि अंकच निघेनासे झाले. यंदा देश स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास नवा अंकही आला. मास्तरांनी तो अनुसयाबाईंच्या ओसरीवर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. शुद्धिपत्र होते. त्यात कोणाच्या तरी पदवीची दुरुस्ती होती. रुख्मा नव्हती.

"छापलं का आमच्या मायचं?" अनुसयाबाईंनी विचारले.

"नाही," मास्तर म्हणाले. त्या दिवशी अमावास्या होती. अनुसयाबाई उठल्या आणि शेंदूर कालवायला लागल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या कागदाची कधी घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. कोणाचे लिखाण तुमच्या हाती आले तर ते कपाटात कुजवू नका. होय तर होय, नाही तर नाही, पण वेळेवर सांगा. तिकडे कोणीतरी अंथरुणावर वाट पाहत असते.

आणि एक मागणे आहे. कधी त्या त्रैमासिकाचा जुना अंक तुमच्या हाती पडेल. 'कोहळियाची सून' इथवर तुम्ही वाचाल आणि पुढे तीन टिंबे येतील. तिथे अडखळू नका. मोठ्याने 'रुख्मा' म्हणा आणि मग पुढे वाचा.