त्याच्या नावाची पत्रं

गल्लीत तिला सगळे पोस्टमनीणबाई म्हणत. ती दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, उभं राहून राहून पायाच्या शिरा निळ्या झालेल्या. पण इस्त्रीवरून कुणाला नाव पडत नाही. नवरा पोस्टमन, म्हणून ती पोस्टमनीणबाई. नवरा जाऊन तीन वर्षं उलटली तरी नाव तेच राहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटायचं.

हा पोस्टमन म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण कुणाचं पाकीट उघडं दिसलं तरी गडी मान वळवायचा. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानंच ते फोडायचं. लग्न नवं असताना तिनं एकदा कुतूहलानं त्याला आलेलं मित्राचं पत्र फोडलं, तर चार दिवस पठ्ठ्या तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाला, की ही चूक नव्हे, चोरी आहे. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला.

घरावर कर्ज काढलं ते त्याच्या आईच्या आजारपणात. आई गेली, कर्ज राहिलं, हप्ते थकले. शेवटी कर्जाच्या कचेरीनं तडजोड करून दिली. दर महिन्याला एक हप्ता, असे साठ हप्ते. एकही न चुकवता भरले की घराचे कागद परत. त्याच संध्याकाळी पोस्टमन टेबलाशी बसला आणि त्यानं साठ पाकिटं लिहून काढली. प्रत्येकावर कर्जाचा नंबर, महिना, रक्कम आणि खाली स्वतःचं नाव. एकवीस पाकिटं त्यानं स्वतः पैसे घालून कचेरीच्या दाराशेजारच्या पेटीत टाकली. बाविसाव्या महिन्यात सायकलवरून उतरता उतरता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

उरलेली एकोणचाळीस तिनं टाकली. रविवारचीही पाळी घेतली, दुधात पाणी घातलं, चपलेला तीनदा टाके घातले. पण पाकिटावरच्या रकमेत एक पैसा कमी पडू दिला नाही. त्याच्याच अक्षरातला आकडा, त्यात फरक करायची तिची काय बिशाद?

पावत्या पोस्टानं यायच्या. त्याच्या नावानं.

आता तुम्ही म्हणाल, नवरा गेल्यावर तरी फोडायच्या! नणंदही हेच म्हणायची. पंधरवड्यातून एकदा यायची, टेबलावरचा गठ्ठा बघून कपाळाला हात लावायची. पण बाईचं एकच, पावत्याच तर आहेत, त्यांच्या नावाच्या, राहू देत.

खरी गोष्ट तिनं नणंदेलाही सांगितली नव्हती. ती दारातून आलेलं पत्र टेबलावर कसंही टाकून कामाला जायची. परतली की गठ्ठ्याच्या चारी कडा जुळलेल्या असायच्या. पोस्टमनची खोडच होती ती, पत्रं हातात आली की टेबलावर दोनदा आपटून सारखी करायची. टक टक. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात असताना तिला तो आवाज ऐकूही यायचा. ती घाबरली नाही. भीती कसली, नवराच तो. ती आतूनच विचारायची, "आलात का?" आणि पोळी उलटायची.

साठावं पाकीट टाकून झाल्यावर ती धुतलेली साडी नेसून घराचे कागद आणायला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पेटी ओलांडून खिडकीशी उभी राहिली. चष्मेवाल्या कारकुनानं वही उलटली आणि थकबाकी सांगितली. नऊ हप्त्यांइतकी. तिला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचं पान बघतोय.

पान तिचंच होतं. पंचविसाव्या महिन्यापासून हप्ता वाढला होता, तसं कळवलंही होतं. दर महिन्याला थोडी थोडी रक्कम कमी भरली गेली, वर दंड चढला. महिनाअखेरपर्यंत ही थकबाकी चुकती केली नाही तर तडजोड रद्द आणि घर कचेरीचं. कारकून वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पत्रं मिळाली नाहीत का, असं विचारलं. मिळाली, ती म्हणाली. सगळी मिळाली.

घरी येऊन ती टेबलासमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली.

"तुमच्या नियमापायी घर चाललंय माझं. कडा कसल्या जुळवत बसलात? वाचायचं होतंत!"

मग तिनं भाजी चिरायची सुरी घेतली आणि एकेक पाकीट फोडलं. हात चोराचेच होते. प्रत्येक पत्राची सुरुवात त्याच्या नावानं. महोदय, आपला हप्ता वाढला आहे. महोदय, आपण कमी रक्कम भरली आहे. महोदय, आपल्याकडून उत्तर नाही. तीन वर्षं माणसं त्याला हाका मारत होती, आणि ती मात्र पत्रं टेबलावर ठेवून पोळ्या लाटत होती.

शेवटी तिनं वाढीचं ते पहिलं पत्र उलटं केलं. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं, कर्जदाराचा मृत्यू झाल्यास दाखला सादर करावा. मृत्यूच्या तारखेपासून वाढ व दंड लागू होणार नाही.

दाखला बटणांच्या डब्यात तळाशी होता. तो तिथं का होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाविसावं पाकीट टाकायला गेली तेव्हा दाखला तिच्या पिशवीत होता. खिडकी उघडी होती. ती दारातूनच माघारी फिरली होती, कारण सांगितलं असतं तर पत्रं यायची बंद झाली असती.

दुसऱ्या दिवशी तिनं दाखला खिडकीतून आत सरकवला. कारकुनानं तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"बाई, आमच्या वहीत तुमचे यजमान जिवंत आहेत. दर महिन्याला पैसे भरतायत."

"हो," ती म्हणाली. "माझ्याही."

कारकुनानं चष्मा पुन्हा चढवला. त्यानं अर्ज पुढं केला. यावर सही केली की थकबाकी जाईल, कागद आठ दिवसांत पोस्टानं येतील. आणि त्यांच्या नावाचा त्रास संपला म्हणून समजा, तो समजुतीनं म्हणाला, एकही पत्र येणार नाही आता.

पेन हातात धरून ती बराच वेळ बसली. मागच्या माणसानं खाकरून पाहिलं. नऊ हप्ते तिच्याकडं नव्हते, या जन्मात झालेही नसते. तिनं लिहायला घेतलं. मृताचे नाव. तारीख. नाते. सही करताना तिला वाटलं, तिकडं सायकलवरून खाली बसलेल्या माणसाला आज आपणच पक्कं झोपवलं.

आठव्या दिवशी ती घरीच होती. दाराच्या फटीतून जाड पाकीट आत पडलं. त्यावर तिचं नाव होतं, पूर्ण, तिचंच. लग्नानंतर तिला आलेलं पहिलंच पत्र.

तिनं ते टेबलावरच्या फोडलेल्या पाकिटांच्या ढिगावर तिरकंच टाकलं, स्वयंपाकघरात गेली, तवा ठेवला आणि कान देऊन उभी राहिली. तवा तापून धुरायला लागला. बाहेर टेबलावर काहीच वाजलं नाही.

मग ती बाहेर आली, नवऱ्याच्या खुर्चीत बसली. सगळी पाकिटं तिनं दोन्ही हातांत गोळा केली आणि टेबलावर दोनदा आपटली.