निळ्या भांड्यातलं सॅलड

पॅरिसचे लोक आमच्या गावात साधेपणा शोधायला येतात आणि येताना गाडी भरून सामान आणतात. कॉन्स्तान्स मॅडम आणि त्यांचे यजमान तिबोसाहेब यांनी ऑगस्ट महिन्यासाठी आमचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा गाडीतून आधी कॉफीचं यंत्र उतरलं, मग पंखे, मग योगासनांच्या चटया, आणि सगळ्यांत शेवटी तोंड पाडून त्यांची लेक.

“ओदिल, काय ही शांतता!” मॅडम अंगणात हात पसरून मला म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या गायी हंबरल्या. मॅडम दचकल्या. “या रोज अशाच ओरडतात का?”

“रविवारी जरा जास्त,” मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. आगाऊपणा करण्याची ही वेळ नव्हती.

घर माझ्या आईचं. वडील गेल्यापासून ती अंगणापलीकडच्या जुन्या भट्टीघरात राहते, जिथे पूर्वी आमचा पाव भाजला जायचा. माझा भाऊ रेमी तुलूझला असतो आणि त्याला घर विकायचं आहे. गिऱ्हाईकही त्याने शोधून ठेवलेलं. “आई, तालुक्याच्या वृद्धाश्रमात मस्त बाग आहे,” हे त्याचं पालुपद. आईने रेमीला जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही. मी हातापाया पडून तिच्याकडून एक उन्हाळा मागून घेतला होता. भाडेकरू खुशीत राहिले तर घर राहील, नाहीतर ती सही करेल. मेरीमातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, रेमी जेवायला येतो, तेव्हा ती काय ते सांगणार होती. म्हणजे आईने कुठे मरायचं, हे गायींना घाबरणाऱ्या एका बाईच्या हातात होतं.

“या घराला आत्मा आहे,” मॅडम म्हणाल्या आणि तो इकडचा तिकडे हलवायला लागल्या. कपाट ओसरीत गेलं. दुधाच्या बरणीचा दिवा झाला. घोड्याच्या गळ्यातलं जू आरशाभोवती आलं. तिबोसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर, बरोबर डोक्यावर येईल असा, गोठ्यातला एक लोखंडी दातांचा दांडा भिंतीला ठोकला.

“हा गवत उचलायचा ना?” त्यांनी मला विचारलं.

“शेणाचा.”

“वा! अस्सल!”

आई भट्टीघराच्या दारात शेंगा सोलत बसायची आणि मला बातम्या द्यायची. “माझी कोळशाची इस्त्री खिडकीत मांडलीय त्यांनी.”

“फुलं घातली का तिच्यात?”

“घालतील गं. दम धर.”

मला हसू यायचं आणि रागही यायचा. पण दिसेल त्याला मी “फारच छान” म्हणत राहिले. त्या उन्हाळ्यात मी एवढं छान छान म्हटलं की माझे गाल दुखायला लागले.

सणाच्या दिवशी मॅडमनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. रेमी पांढरे बूट घालून आला. आईने निळा ठेवणीतला झगा घातला, अंगण ओलांडलं आणि स्वतःच्याच घराच्या दारावर टकटक केली.

कोंबडी झाली, बटाटे झाले. मग मॅडम सॅलड घेऊन आल्या, आणि ते ज्यात होतं ते भांडं मी लांबूनच ओळखलं.

चिनी मातीचं, निळ्या फुलांचं, एका कानाचं गोल भांडं. आमच्याकडे लग्नाच्या रात्री गावातली पोरं नवराबायकोच्या खोलीत घुसतात आणि लघवीच्या कोऱ्या करकरीत भांड्यात वाइन, चॉकलेट, बिस्किटं कालवून दोघांना खायला लावतात. त्या भांड्याच्या तळाशी एक डोळा रंगवलेला असतो. हे आईचं होतं. लग्नानंतर ते खाटेशेजारच्या छोट्या कपाटात गेलं आणि ज्या कामासाठी होतं ते काम इमाने करत राहिलं. वडिलांना शेवटच्या हिवाळ्यात उठवत नव्हतं, तेव्हा रोज सकाळी मीच ते उचलून न्यायची. ते गेल्यावर मी भांडं उकळून घासलं आणि टाकून देऊ म्हटलं, तर आईने ते मुकाट्याने जागेवर ठेवून दिलं. त्या कपाटाला कुलूप घालायचं मला सुचलं नव्हतं.

“असं रत्न लपवून ठेवता तुम्ही!” मॅडम म्हणाल्या. “आणि हा एकच कान बघा.”

“शेतावर न्याहारी न्यायला,” तिबोसाहेबांनी उलगडा केला. “हो ना, ओदिल?”

“तसंच असणार,” मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर या मंडळींनी जेवणावरून उठून गाडी भरली असती, आणि रेमी समोरच बसला होता. मी अगदी वरवरचा एक टोमॅटो उचलला.

आईने भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताट भरून सॅलड घेतलं. “तेल चांगलं आहे,” ती म्हणाली.

आता रेमी ओळखणार, म्हणून मी हातातला काटा खाली ठेवला. त्याने भांडं जवळ ओढलं, त्याच्या कानावरून बोट फिरवलं.

“अरे! हे तर आजीचं सूपचं भांडं!” तो म्हणाला. “नाताळला आम्ही सगळे याच्याभोवती बसायचो. अजून तो वास आठवतो मला.”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचे डोळे खरोखर ओले होते. तेव्हा मला उमगलं. लहानपणी हे काम पोरीचं म्हणून माझ्याच गळ्यात पडलं होतं, आणि वडिलांच्या त्या हिवाळ्यात तो फोनवर म्हणायचा, रस्त्यावर बर्फ आहे. त्याने हे भांडं कधी हातात धरलंच नव्हतं. ओळखणार कसं?

सॅलड संपत आलं तशी मॅडमची लेक वाकून बघायला लागली. “आई, भांडं माझ्याकडे बघतंय!”

“अन्नाला दृष्ट लागू नये म्हणून असतो तो डोळा,” तिबोसाहेब म्हणाले.

“हो, आजी सांगायची ना,” रेमीने ठोकून दिलं. आता तो चांगलाच भरात आला होता. “आई, घर विकलं तरी हे मी कुणाला देणार नाही. वाटणीत हे माझं.”

“घर विकताय?” मॅडम कळवळल्या. “पुढच्या वर्षीसाठी आम्ही विचारणारच होतो!”

आईने शांतपणे तोंड पुसलं. “खरंच हवं तुला हे?”

“मनापासून.”

“आणखी काही नको?”

पाहुण्यांसमोर रेमीची छाती फुगली. “आठवणींपुढे बाकी सगळं माती आहे, आई.” मॅडमनी डोळे टिपले.

“मग घे बाबा. दिलं तुला,” आई म्हणाली. “तिबोसाहेब, तुम्ही ऐकलंत ना? माझ्या लेकाची वाटणी झाली. मी असेपर्यंत घर विकायचं नाही. मॅडम, पुढच्या वर्षी खुशाल या. तो शेणाचा दांडा तेवढा काढा, डोक्यात पडेल कुणाच्या तरी.”

रेमी हसला. मग आईच्या तोंडाकडे बघून थांबला. पण सगळ्यांसमोर एवढं बोलून बसल्यावर त्याला आता माघार घेता येईना.

भांडं घासताना मी आईला हळूच विचारलं, “सांगायचं का त्याला?”

“कशाला? लिंबं ठेवेल त्यात, चारचौघांना दाखवेल. तुझ्या बापाला आवडलं असतं.” तिने भांडं माझ्याकडून घेऊन पुसलं. “आज खाताना मला ते चॉकलेटच आठवत होतं गं.”

रेमी भांडं एका हातात लटकवून गाडीकडे निघाला.

“दोन्ही हातांनी धर रे,” आई दारातून ओरडली. त्या हिवाळ्यात रोज सकाळी ती मला हेच सांगायची.